केटलबेलचे दहा हजार स्विंग एका महिन्यात करावेत का?

तुम्ही विचारले आहे त्यातले महत्त्वाचे आधी मांडते, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वय ४१, वजन ८४ किलो, दिवसाचे नऊ-दहा तास लॅपटॉपसमोर, गेले वर्षभर व्यायाम जवळजवळ बंद. १६ किलोची केटलबेल, म्हणजे वर मूठ असलेला लोखंडी गोळा, घेऊन झाली आहे. ऑफिसातल्या मित्राने महिन्यात दहा हजार स्विंग (बेल दोन्ही हातांनी धरून पायांमधून छातीपर्यंत झुलवणे) पूर्ण केले, त्याचे पोट नजरेत भरण्याइतके उतरले, म्हणून तुम्हालाही तेच करायचे आहे. नक्की काय काय फायदे होतील, असा प्रश्न. आणि शेवटी, जाता जाता म्हणावे तसे, 'कंबर अधूनमधून धरते' एवढे एक वाक्य.

मी बरीच वर्षे लोकांना केटलबेल शिकवते आणि त्यातले बहुतेक जण तुमच्यासारखेच खुर्चीवर बसून काम करणारे असतात. त्यामुळे मला तुमच्या पोटापेक्षा त्या शेवटच्या वाक्यात जास्त रस आहे. एका ओळीत उत्तर हवे असेल तर या चॅलेंजचा फायदा होतो आणि चांगला होतो, पण ज्यासाठी तुम्ही करायला निघाला आहात त्या गोष्टीला सगळ्यात कमी होतो. आकडा ठेवा, महिन्याची मुदत सोडा. का, ते सांगते.

मित्राने केले ते बहुधा डॅन जॉन या अमेरिकन कोचने लोकप्रिय केलेले चॅलेंज असणार. त्याची रचना अशी: एका दिवशी ५०० स्विंग, असे २० दिवस, आठवड्यात चार किंवा पाच वेळा. म्हणजे चार-पाच आठवड्यांत दहा हजार. पाचशे सलग मारायचे नसतात. १०, १५, २५ आणि ५० अशा चार सेटचे (सेट म्हणजे न थांबता एका दमात मारलेले स्विंग) मिळून शंभर होतात आणि हे शंभर पाच वेळा करायचे. मधल्या विश्रांतीत प्रेस (वजन डोक्यावर ढकलणे), गॉब्लेट स्क्वॉट (वजन छातीशी धरून बैठक) किंवा पुलअप यांपैकी एक व्यायाम, एक, दोन, तीन असा मोजक्या वेळा. पुरुषांना २४ किलो आणि बायकांना १६ किलोची बेल. यातली न लिहिलेली अट लोक वाचतच नाहीत: हे ज्यांना स्विंग आधीपासून येतो त्यांच्यासाठी आहे. रोज वजन उचलणाऱ्या माणसाला काही आठवडे वेगळी धग लागावी म्हणून ते आखलेले आहे. वर्षभर खुर्चीत बसलेल्या माणसाने पहिल्या सोमवारी पाचशेने सुरुवात करावी, असे त्यात कुठेही अभिप्रेत नाही.

आता पोट. इथे हिशोबच करू, कारण या बाबतीत इंटरनेटवर भलतेच आकडे फिरतात. 'मिनिटाला वीस कॅलरी' हा आकडा तुम्हीही वाचला असेल. तो ज्या अमेरिकन चाचणीतून आला, तिच्यात लोक केटलबेल स्नॅच करत होते, म्हणजे एका हाताने बेल थेट डोक्यावर नेत होते. तो स्विंग नव्हे. स्विंगवर २०१० साली एक अभ्यास झाला. कॉलेजच्या वयाच्या मुलांना १६ किलोची बेल देऊन १२ मिनिटांत जमतील तेवढे स्विंग मारायला सांगितले. सरासरी २६५ झाले. मुलांच्या हृदयाची गती कमाल गतीच्या सुमारे ८७ टक्क्यांवर गेली आणि ऑक्सिजनचा वापर त्यांच्या कमाल क्षमतेच्या ६५ टक्क्यांवर. त्यावरून तुमच्या वजनाच्या माणसाचा ढोबळ हिशोब केला तर पाचशे स्विंगला ३०० ते ३५० कॅलरी पडतात. एका वडापावाच्या आसपास. वीस दिवसांचे मिळून साडेसहा हजार धरा. किलोभर चरबी जाळायला साधारण ७,७०० कॅलरी लागतात. म्हणजे दहा हजार स्विंग मारून, हातांना फोड आणून, चरबी गेली ती एक किलोही नाही.

मग मित्राचे पोट कसे उतरले? उतरले असेल, मी खोटे म्हणत नाही. महिनाभर माणूस एका गोष्टीच्या मागे लागला की संध्याकाळचे चहासोबतचे फरसाण आपोआप सुटते, रात्री उशिरा जेवणे कमी होते, शनिवारचे बाहेरचे खाणे 'उद्या स्विंग आहेत' म्हणून टळते. शिवाय नितंबांचे आणि पोटाचे स्नायू जागे झाले की उभे राहण्याची ढब बदलते आणि पुढे लोंबणारे पोट थोडे आत येते, वजनकाट्यावर काही न हलताही. हे सगळे खरे फायदेच आहेत. फक्त ते स्विंगच्या खात्यावर जमा करून तुम्ही खाण्याकडे दुर्लक्ष केलेत, तर महिनाअखेरीस वैतागाल.

आता ज्यासाठी हा व्यायाम मी इतकी वर्षे शिकवते आहे ते फायदे.

पहिला आणि माझ्या मते सगळ्यात मोठा: खुब्यातून वाकायची सवय. आपल्याकडची बहुतेक माणसे जमिनीवरची वस्तू उचलताना कंबरेतून वाकतात. पाठ गोल होते, गुडघे ताठ राहतात आणि सगळा ताण कंबरेच्या मणक्यांवर जातो. स्विंगमध्ये पाठ सरळ ठेवून नितंब मागे ढकलायचे असतात आणि तिथून जोरात पुढे आणायचे असतात. वजन हात उचलत नाहीत, खुबे फेकतात. ही हालचाल शंभरदा केली तर समजते, हजारदा केली तर जमते, आणि काही हजार वेळा केली की विचार न करता होते. मग गॅसचे सिलिंडर सरकवताना, लहान मुलाला उचलताना, गाडीच्या डिकीतून बॅग काढताना शरीर स्वतःहून तसे वाकते. मोठ्या आकड्याचे खरे समर्थन हे आहे. सवय लागायला संख्या लागते, आणि स्विंग ही अशी हालचाल आहे की जिच्यात भरपूर संख्या बऱ्यापैकी सुरक्षितपणे करता येते. डेडलिफ्टचे, म्हणजे जड वजन जमिनीवरून उचलून उभे राहण्याचे, दहा हजार मी कोणाला सांगणार नाही.

दुसरा फायदा दमसासाचा. वरचा ८७ टक्क्यांचा आकडा पाहिलात ना? धावायला न जाता, गुडघ्यांवर आपटणी न घेता, दोन बाय दोन मीटरच्या जागेत हृदयाला एवढे काम देणारे व्यायाम थोडे आहेत. माझ्याकडे येणाऱ्यांना पहिला फरक जिन्यात जाणवतो. तिसरा फायदा पकडीचा. हाताची पकड आणि खालचे हात इतके कामाला लागतात की पहिल्या आठवड्यात पाण्याची बाटली उघडताना हात थरथरतो. चौथा फायदा जोराचा. २०१२ साली इंग्लंडमधल्या एका अभ्यासात सहा आठवडे, आठवड्यातून फक्त दोनदा, ३० सेकंद स्विंग आणि ३० सेकंद विश्रांती असे १२ मिनिटे केल्यावर लोकांची बैठकीतली ताकद आणि उंच उडी दोन्ही वाढल्या. बेल होती १२ किंवा १६ किलोची.

तुमच्याशी सगळ्यात जास्त जुळणारा अभ्यास मात्र डेन्मार्कमधला, २०११चा. ज्या कामांत मान, खांदे आणि कंबरदुखीच्या तक्रारी जास्त असतात अशा कामांतली ४० माणसे घेतली होती. सरासरी वय ४४, बहुतेक बायका. निम्म्यांनी आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा, वीस-वीस मिनिटे केटलबेल केली. त्यांचे मानेचे, खांद्यांचे आणि कंबरेचे दुखणे कमी झाले, पाठीच्या स्नायूंची ताकद वाढली. दमसास मात्र मोजण्याइतका वाढला नाही, हेही सांगायला हवे. हृदयाला कष्ट होणे आणि हृदयाची क्षमता वाढणे या दोन गोष्टी प्रत्येकात सारख्या पुढे सरकतातच असे नाही.

आता नीट पाहा. कंबरेचा आणि ताकदीचा जो फायदा या दोन अभ्यासांत दिसला, तो आठवड्याला दोन-तीन वेळा, फार तर वीस मिनिटांत मिळालेला आहे. रोज पाचशे मारून नव्हे. म्हणजे तुम्हाला हवे ते बरेचसे निम्म्याहून कमी खर्चात मिळते. दहा हजारचा आकडा वर जे काही देतो ते मुख्यतः सराईतपणा, थकव्यातही हालचाल धरून ठेवायची तयारी आणि 'मी एवढे पूर्ण केले' हे समाधान. त्या समाधानाला मी कमी लेखत नाही. आकडा समोर असला की माणूस पावसाळ्यातल्या काळोख्या सकाळीही उठतो.

आता कंबर. 'स्विंगने कंबर सुधारते' आणि 'स्विंगने कंबर गेली' अशी दोन्ही मते तुम्हाला सापडतील आणि दोन्ही खरी आहेत. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातले पाठीच्या कण्याचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल यांनी २०१२ साली हे मोजून पाहिले. १६ किलोच्या स्विंगमध्ये, बेल खालून वर निघते त्या क्षणी, कंबरेच्या खालच्या मणक्यांवर साधारण ३,२०० न्यूटनचा, म्हणजे सव्वातीनशे किलोच्या वजनाइतका, दाब आला. हा दाब निरोगी पाठीला झेपणारा आहे. पण वजन उचलताना एक मणका दुसऱ्यावर ज्या दिशेने सरकू पाहतो, स्विंगमध्ये तो त्याच्या उलट दिशेने सरकू पाहतो, असे त्यांना आढळले. म्हणून काही लोकांना स्विंगने आराम पडतो, आणि भरपूर डेडलिफ्ट बिनतक्रार करणाऱ्या एखाद्याची पाठ स्विंगने कुरकुरते. तुम्ही यातले कोण, ते मला इथून सांगता येणार नाही. पण अंदाज घ्यायचे मार्ग आहेत.

तुमची कंबर कशाने धरते? दिवसभर बसून संध्याकाळी जड होते आणि जरा चालले की मोकळी होते, असे असेल तर मी फारशी काळजी करणार नाही. अशा लोकांना स्विंग सहसा मानवतो. पण सकाळी उठल्यावर मोजे घालायला वाकताना कळ येत असेल, शिंकताना-खोकताना दुखत असेल, किंवा दुखणे नितंबातून पोटरीकडे उतरत असेल, पायाला मुंग्या येत असतील, तर बेल कोपऱ्यात ठेवा आणि आधी ऑर्थोपेडिक डॉक्टरला किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवा. रक्तदाब गोळ्या घेऊनही वर राहत असेल, हर्निया असेल, हृदयाची तक्रार असेल, तर तेच. वर्षभर व्यायाम बंद आहे आणि चाळिशी उलटली आहे, तर एकदा रक्तदाब मोजून आणि डॉक्टरांशी बोलून सुरुवात करायला हरकत काय? आणि बायकांपैकी कोणी वाचत असेल आणि बाळंतपणाला वर्षही झाले नसेल, तर त्यांनीही आधी पोटाचे स्नायू तपासून घ्यावेत.

हे सगळे पार पडले की घरातल्या मॉपचा दांडा घ्या. पाठीमागे उभा धरा. डोक्याची मागची बाजू, दोन्ही फऱ्यांच्या मधली जागा आणि माकडहाड, तिन्हीला तो टेकला पाहिजे. आता नितंब मागे ढकलत वाका. गुडघे किंचित वाकतील, पण पुढे जाणार नाहीत. तिन्हीपैकी एका जागेवरून दांडा सुटला की तिथेच तुमची पाठ गोल झाली. मग भिंतीकडे पाठ करून पाऊलभर अंतरावर उभे राहा आणि नितंबांनी भिंतीला टेकायचा प्रयत्न करा. जमले की पाऊल आणखी पुढे. दांडा न सुटता हे सलग वीसदा होत नाही तोवर माझ्याकडे कोणाच्या हाती बेल मिळत नाही. लोक कंटाळतात, कंटाळू देते.

स्विंगचे बारकावे व्हिडिओत शेकड्याने मिळतील, म्हणून इथे फक्त तीनच. बेल छातीच्या उंचीपर्यंतच न्या, डोक्यावर नको. डोक्यावर नेण्याचा प्रकार वेगळा आहे आणि त्याला खांदे तसे मोकळे लागतात. बेल मागे जाताना मनगटे जांघेजवळ, मांड्यांच्या वरच्या भागाला लागली पाहिजेत. बेल गुडघ्यांच्या खाली लोंबत गेली की कंबरेवरचा ताण लगेच वाढतो. आणि वर आल्यावर नितंब आवळून, पोट घट्ट करून, सरळ उभे राहायचे, मागे झुकायचे नाही. त्याच क्षणी तोंडाने झटकन श्वास सोडायचा. श्वास धरून स्विंग मारणारे रक्तदाब उगाच वर चढवतात.

आता जिथे खरी गडबड होते ते. पन्नासच्या सेटमध्ये माणसाच्या शरीरात काय होते ते मी बाजूला उभी राहून असंख्य वेळा पाहिले आहे आणि क्रम जवळजवळ ठरलेला असतो. पहिले वीस सुरेख जातात. पंचविशीच्या आसपास श्वासाचा ताल सुटतो, दर स्विंगला एक 'हुश्श' येत होता तो दोन स्विंगला एक येऊ लागतो. मग बेल खाली येताना माणूस तिला सोबत करायला आधीच वाकू लागतो, म्हणजे बेल अजून पोटासमोर असताना छाती खाली गेलेली असते. त्यामुळे बेल जांघेऐवजी गुडघ्यांमधून जाते. पस्तिशीला टाचा उचलायला लागतात, पायाची बोटे जमीन पकडू पाहतात. खुब्याचा जोर संपला की खांदे मदतीला धावतात, मान पुढे येते, कोपरे वाकतात आणि बेल वर फेकली जाण्याऐवजी ओढली जाते. शेवटचे दहा तर केवळ आकडा म्हणायला म्हणून होतात. त्या दहांनी नितंबांना काही मिळत नाही. कंबरेला मात्र मिळते. आणि दिवसातून पाच वेळा, महिन्यातून वीस दिवस हेच झाले तर शरीर त्या शेवटच्या दहांची सवय लावून घेते. मी वर म्हटले ना, संख्येने सवय लागते? ती वाईट हालचालीचीही तितक्याच इमानाने लागते.

म्हणून माझ्याकडे नियम असा: बिघडलेला स्विंग मोजायचा नाही, आणि लागोपाठ दोन बिघडले की सेट संपला. त्या दिवशी पाचशेचे तीनशे ऐंशी झाले तर झाले.

मोठ्या संख्येचा व्यायाम आपल्याकडे काही नवा नाही. तालमीतले पैलवान शेकड्यांनी जोर आणि बैठका मारत आलेत, मुद्गल फिरवत आलेत. पण तिथे पोरगा लहान वयात येतो, संख्या वर्षानुवर्षांत हळूहळू चढते, वस्ताद समोर उभा असतो, वर मालिश, खुराक आणि दुपारची झोप. आपण त्यातला फक्त आकडा उचलतो. रथसप्तमीला दरवर्षी पाहते मी: वर्षभर एक सूर्यनमस्कार न घातलेली माणसे उत्साहाने १०८ घालतात आणि पुढचे तीन दिवस जिना उतरताना कठडा धरतात. कंबर धरणाऱ्या माणसाने पहिल्याच दिवशी पाचशे स्विंग मारणे हे त्याच जातीचे.

तर तुमच्यासाठी मी असे करेन. पहिले दहा-बारा दिवस फक्त दांडा, भिंत आणि बेल जमिनीवरून उचलून ठेवण्याचा सराव, स्विंग मोजायचे नाहीत. त्यानंतर आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सुट्टी. पहिले दोन आठवडे दर वेळी १००, दहा-दहाच्या सेटमध्ये, घड्याळात मिनिट पूर्ण झाले की पुढचा सेट. पुढचे दोन आठवडे २००. मग चार आठवडे ३००, इथे सेट पंधराचे करायला हरकत नाही. शेवटचे चार आठवडे ४००, आणि आता वाटले तर दिवसात एखादा सेट पंचवीसचा. बेरीज करून पाहा: सहाशे, बाराशे, छत्तीसशे आणि अठ्ठेचाळीसशे. बारा आठवड्यांत दहा हजार, वर दोनशे. पन्नासचा सेट यात कुठेच नाही, तो मुद्दाम नाही. एखादा आठवडा दौऱ्यात गेला तर पुढच्या आठवड्यात भरपाई करू नका. जिथे थांबलात तिथून धरा.

मधल्या विश्रांतीत थोडे जोर मारा किंवा बेल छातीशी धरून बैठका मारा, पाच-पाच पुष्कळ. स्विंगमध्ये हातांनी ढकलण्याची हालचाल अजिबात नाही आणि गुडघाही पूर्ण वाकत नाही, त्यामुळे नुसता स्विंग केला तर शरीराची फक्त मागची बाजू राबते. बसून बसून तुमच्या खुब्यांच्या पुढचे स्नायू आखडलेले असणार. ते मोकळे नसतील तर वर उभे राहताना खुबा पूर्ण उघडत नाही आणि माणूस तेवढे कंबरेतून मागे झुकतो. रोज रात्री एक गुडघा गादीवर टेकवून, नितंब आवळून, दोन्ही बाजूंना मिनिट-मिनिट थांबा.

१६ किलो कमी नाहीत का, असे तुम्हाला मित्र म्हणेल. शिकायला योग्य आहेत. ८४ किलोच्या पुरुषाला सहा-आठ आठवड्यांनी ते हलके वाटू लागतील, तेव्हा संख्या वाढवत बसण्यापेक्षा २० किंवा २४ची बेल घ्या आणि संख्या निम्मी करा. हलक्या बेलने हजारो मारण्यातला तोटा असा की जोर लावायची गरजच संपते आणि हात नकळत काम करू लागतात.

काही घरगुती गोष्टी. बेलच्या मुठीच्या आतल्या बाजूला बोट फिरवून पाहा. स्वस्त ओतकामाच्या बेलला तिथे बारीक कड राहिलेली असते. शंभर स्विंगला ती कळत नाही, तीनशेला तळहात सोलते. पॉलिश पेपरने घासून काढा. बेल तळहातात गच्च धरू नका, बोटांच्या मुळाशी आकड्यासारखी अडकवा. घट्टे पडणारच, ते वाढू देऊ नका. आंघोळीनंतर टाचा घासायच्या वज्रीने हलके घासले की सपाट राहतात, नाहीतर एक दिवस सेटच्या मध्येच उचकटतात आणि आठवडा जातो. जाड, मऊ तळव्याचे धावायचे बूट नकोत, अनवाणी उत्तम. फ्लॅटमध्ये राहत असाल तर खाली रबरी मॅट टाका, आणि समोरच्या दिशेला टीव्ही किंवा काचेचे कपाट येणार नाही असे उभे राहा. घामाने मूठ सुटते, विशेषतः एप्रिल-मेमध्ये. हातरुमाल जवळ ठेवा. खालच्या मजल्यावर कोणी राहत असेल तर पहाटे साडेपाचचा मोह टाळा, हे मी अनुभवाने सांगते.

खाण्याबद्दल फार लिहीत नाही. तो वेगळा विषय आहे. पोट उतरवायचे असेल तर पोळ्या-भात मोजा, दोन्ही जेवणांत डाळ, उसळ, अंडी, दही यांपैकी काही ना काही भरपूर येऊ द्या, आणि झोप सात तासांच्या खाली नेऊ नका.

थांबायचे कधी, हे मात्र लक्षात ठेवा. स्नायू दुखणे वेगळे, ते दोन-तीन दिवसांत ओसरते. पण छातीत दडपण आले, भोवळ आली, पायात मुंग्या उतरू लागल्या, तर त्या दिवसाचा व्यायाम तिथेच संपला आणि डॉक्टर गाठायचा. छातीतले दडपण थांबूनही गेले नाही तर थेट इस्पितळ. आणखी एक गोष्ट फार लोकांना माहीत नसते. सवय नसताना एकदम मोठ्या संख्येचा व्यायाम केला की क्वचित स्नायूंच्या पेशी मोठ्या प्रमाणात फुटतात आणि त्यातला ऐवज मूत्रपिंडांवर जातो. स्नायू सुजून कमालीचे दुखतात आणि लघवी काळ्या चहाच्या रंगाची होते. असे दिसले तर पाणी पिऊन वाट पाहत बसू नका, त्याच दिवशी इस्पितळात जा. क्वचित होते, पण ज्यांना होते ते बहुधा पहिल्याच दिवशी चॅलेंज घेणारे असतात.

मोजायचेच असेल तर वजनाबरोबर आणखी तीन गोष्टी मोजा: बेंबीपाशी कंबरेचा घेर, सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वीची नाडी, आणि दहा-दहाच्या दहा सेटनंतर नाडी मिनिटभरात किती खाली येते. शेवटचा आकडा सगळ्यात आधी सुधारताना दिसेल, काट्यावरचा सगळ्यात शेवटी.

शंभरचे दोन आठवडे झाले की बाजूने काढलेला एक व्हिडिओ टाका, कंबर आणि पाय पूर्ण दिसतील असा. पहिल्या सेटचा नको. तो सगळ्यांचाच चांगला असतो. शेवटून दुसरा सेट टाका, मग २०० वर जायचे की नाही ते सांगते.